सुनेच्या खांद्यावरचे म्हातारपण

जपानने १९७३ साली सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांसाठी वैद्यकीय उपचार मोफत केले. सरकारने ते वर्ष कल्याणकारी राज्याचे पहिले वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि लोकांनीही या निर्णयाचे मनापासून स्वागत केले. पण दहा वर्षांच्या आतच ही सवलत मागे घेण्याची वेळ आली. रुग्णालयांतल्या खाटा ज्यांना उपचारांची फारशी गरज नव्हती अशा म्हाताऱ्या माणसांनी भरून गेल्या. त्यांना घरी उठवायला-बसवायला, न्हाऊ-माखू घालायला कोणी नव्हते. सरकारी वृद्धनिवासात जागा मिळवायची तर उत्पन्नाची चौकशी व्हायची आणि आईबापांना सरकारच्या दारात टाकले म्हणून चारचौघांत नाव खराब व्हायचे. रुग्णालयात दाखल करण्यात मात्र ना खर्च होता ना बोल लागण्याची भीती. मग महिनोन्महिने खाटेवर पडून राहिल्याने चालती-फिरती माणसेही अंथरुणाला खिळली. उपचार होते, उपचारांना पैसाही होता. जिच्या अभावी हे सगळे घडले ती रोजची शुश्रूषा मात्र कोणत्याच योजनेत बसवलेली नव्हती.

भारत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्व नागरिकांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च भागतो. वयाची अट नेमकी जपानचीच आहे. निर्णय चांगला आहे, कारण आजारपणाच्या एका बिलात घर कर्जात बुडते हे आपल्याकडचे वास्तव आहे. पण पक्षाघात झालेल्या माणसाला रुग्णालयातून घरी आणले की दुसऱ्या दिवसापासून जे लागते त्यासाठी या योजनेत काही नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, अंग पुसायचे, चमच्याने भरवायचे, डायपर बदलायचा, रात्री तीनदा उठायचे. हे सारे पाच-सात वर्षेही चालू शकते. वृद्धत्वाविषयीच्या कोणत्याही धोरणाची परीक्षा या कामापाशी होते, असे माझे मत आहे. हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, याचे उत्तर ज्या देशांनी कायद्यात लिहिले तिथे धोरण माणसांपर्यंत पोहोचले. ज्यांनी ते ‘कुटुंब बघून घेईल’ या गृहीतकावर सोडले, तिथे ते घरातल्या एखाद्या बाईच्या अंगावर पडले.

जगाच्या पातळीवर या विषयाचे नियोजन चाळीस वर्षांहून जुने आहे. संयुक्त राष्ट्रांची वृद्धत्वावरची पहिली जागतिक परिषद १९८२ साली व्हिएन्नात भरली आणि तिथे ६२ शिफारशींचा कृती आराखडा मंजूर झाला. १९९१ मध्ये वृद्धांसाठीची तत्त्वे स्वीकारली गेली, १९९९ हे आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्ष म्हणून पाळले गेले आणि एप्रिल २००२ मध्ये माद्रिदला दुसरी परिषद झाली. माद्रिदचा आराखडा आज वाचला तरी त्यातली जाण जाणवते. म्हातारी माणसे म्हणजे भार, ही भाषा तिथे मागे पडली. विकासात त्यांचा वाटा, त्यांचे आरोग्य आणि त्यांच्या भोवतीची परिस्थिती अशा तीन दिशांनी विचार झाला. शुश्रूषेचे ओझे बहुतांशी स्त्रिया वाहतात, याचीही तिथे नोंद आहे. मात्र तो मंजूर करणाऱ्या सरकारांवर या आराखड्याने कोणतेही बंधन घातले नाही. दर पाच वर्षांनी होणारा आढावाही ऐच्छिक राहिला. स्त्रियांसाठी १९७९ साली, बालकांसाठी १९८९ साली आणि अपंगांसाठी २००६ साली बंधनकारक करार झाले. वृद्धांसाठी तसा जागतिक करार अजून नाही. २०१० मध्ये न्यू यॉर्कला त्यासाठी एक कार्यगट नेमला गेला आणि तिथे वर्षानुवर्षे चर्चा चालली. आहेत ते करार पुरेसे आहेत, ही अनेक श्रीमंत देशांची भूमिका आड येत राहिली. अखेर एप्रिल २०२५ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेने कराराचा मसुदा तयार करण्यासाठी आंतरसरकारी गट नेमण्याचा ठराव केला.

बंधन नसले तरी चांगले विचार हळूहळू झिरपतातच, मग एवढी घाई कशाला, असे कोणी म्हणेल. घाई लोकसंख्येच्या वेगामुळे आहे. पासष्टीपुढच्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या काळात तिथे कारखाने आले, निवृत्तिवेतन आले, दवाखाने आणि परिचारिका आल्या, आणि समाज पायरीपायरीने जुळवून घेत गेला. जपानने हेच अंतर १९७० ते १९९४ या चोवीस वर्षांत कापले. भारताने या दशकाच्या सुरुवातीला ७ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला असून १४ टक्क्यांचा टप्पा तो शतकाच्या मध्याच्या आसपास गाठेल असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याकडे जपानइतकाच वेळ आहे, जपानइतका पैसा मात्र नाही. आणि ही देशाची सरासरी झाली. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तेव्हाच केरळात ते १२.६, गोव्यात ११.२ आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. भारत हा तरुणांचा देश आहे, हे वाक्य या राज्यांतल्या अनेक गावांना आजही लागू पडत नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेली आणि घरी दोघेच उरले, अशी घरे कोकणात वाडी-वाडीवर आहेत.

शुश्रूषा कुटुंबावर सोडण्यातली चूक जपानला कळली ती एका पुस्तकामुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी १९७२ साली आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. नोकरी करणारी एक सून स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची सेवा करते, एवढाच तिचा विषय. त्यात लाखो बायकांना आपले घर दिसले. ज्येष्ठ मुलाच्या बायकोने सासू-सासऱ्यांचे करायचे ही तिथली रीत आपल्यापेक्षा फार वेगळी नव्हती. पुढे १९८३ मध्ये केइको हिगुची यांच्या पुढाकाराने वृद्ध समाज सुधारण्यासाठी स्त्रियांची एक संघटना उभी राहिली आणि हा प्रश्न घराच्या चार भिंतींतून सार्वजनिक चर्चेत आला. शुश्रूषा विम्याचा कायदा डिसेंबर १९९७ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २००० पासून अमलात आला. मसुद्यावर चर्चा चालू असताना घरच्या घरी सेवा करणाऱ्या कुटुंबाला रोख रक्कम द्यावी, अशी सूचना आली होती. ती द्यायला सोपी आणि कानाला गोड होती. तिला सर्वांत ठाम विरोध केला तो स्त्रियांच्या संघटनांनी. रोख रक्कम घरात येईल आणि काम होते तिथेच, सुनेच्या माथी राहील; शिवाय बाहेर सेवा देणारी माणसे कधी उभीच राहणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद होता. जर्मनीने १९९५ मध्ये सुरू केलेल्या विम्यात रोख आणि सेवा यांतून निवडीची मुभा दिली होती आणि घरी राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रोख घेतली. जपानने रोख नाकारली आणि फक्त सेवा दिली.

ही व्यवस्था चालते कशी ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. निम्मा खर्च हप्त्यांतून आणि निम्मा करांतून भागतो. विमा चालवण्याचे काम स्थानिक नगरपालिकेकडे असते. अर्ज केला की पालिकेचा माणूस घरी येतो आणि ठरावीक ७४ मुद्द्यांवर तपासणी करतो. अंथरुणात कूस बदलता येते का? एका पायावर उभे राहता येते का? नखे स्वतः कापता येतात का? औषध आपले आपण घेता येते का? आता कोणता ऋतू चालू आहे हे सांगता येते का? उत्तरे आधी संगणकात जातात, मग डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांच्या समितीपुढे येतात आणि नियमाप्रमाणे तीस दिवसांत गरजेची पातळी ठरते. घरात सून आहे का, मुलगा किती कमावतो, हे गरज ठरवताना विचारात घेतले जात नाही. मला या कायद्यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढे एक नियोजक आठवड्याचा आराखडा आखून देतो: दोन दिवस दिवसभराचे केंद्र, तीन दिवस घरी येणारी मदतनीस, महिन्यातून काही दिवस तात्पुरता निवास. खर्चाचा दहावा भाग वृद्धाने भरायचा. ज्यांचे उत्पन्न जास्त त्यांना आता पाचवा भाग किंवा त्याहून अधिक भरावा लागतो.

कायदा अमलात येण्याच्या तोंडावर, १९९९ च्या शरदात, सत्ताधारी पक्षाचे धोरणप्रमुख शिझुका कामेई यांनी आक्षेप घेतला, की मुलांनी आईवडिलांना सांभाळण्याची सुंदर रीत यामुळे लयाला जाईल. या आक्षेपाला एवढे वजन मिळाले, की वृद्धांचे हप्ते पहिले सहा महिने माफ आणि पुढचे वर्षभर निम्मे करण्यात आले. आपल्याकडेही कोणी असा कायदा मांडला तर हाच आक्षेप सर्वांत आधी येईल, म्हणून त्याचे काय झाले ते पाहायला हवे. जपान सरकारच्या कुटुंबविषयक पाहणीत २००१ साली वृद्धाची मुख्य शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये एकाच घरात राहणारे पती किंवा पत्नी सुमारे २६ टक्के होते, मुले-मुली सुमारे २० टक्के आणि मुलांचे जोडीदार, म्हणजे मुख्यतः सुना, २२ टक्क्यांहून अधिक. २०२२ मध्ये पती-पत्नींचे प्रमाण सुमारे २३, मुला-मुलींचे सुमारे १६ आणि सुनांचे जेमतेम ५ टक्क्यांवर आले. तीन पिढ्यांची एकत्र घरे याच काळात कमी झाली, त्यामुळे सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही. तरीही आकड्यांचा कल स्पष्ट आहे. नवऱ्याने बायकोला आणि पोटच्या पोरांनी आईबापांना फारसे सोडलेले नाही. ज्या बाईने हे काम स्वतः होऊन पत्करलेले नव्हते, तिची त्यातून बरीच सुटका झाली. कुटुंबाची माया आणि कुटुंबाकडून करवून घेतलेली वेठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सार्वजनिक व्यवस्थेने कमी होते ती दुसरी.

सरकारी आधाराने घरातले नाते सैल होते, या समजुतीला छेद देणारा आणखी एक पुरावा दक्षिण आफ्रिकेतून मिळतो. तिथे वर्णद्वेषी राजवटीच्या अखेरीस कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तिवेतन बरेच वाढवले गेले. अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा आढळले, की ज्या घरात आजीला हे वेतन मिळत होते तिथल्या नातींचे वजन आणि उंची सुधारली होती. आजोबांना मिळणाऱ्या वेतनाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हाताऱ्या बाईच्या हातात पैसा आला तर तो घरातच झिरपतो आणि तिचे घरातले स्थान बळकट होते. आपल्याकडे वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत दरमहा २०० रुपये आहे आणि तो जवळपास दोन दशके तेवढाच आहे. महाराष्ट्राने भर घालून श्रावणबाळ योजनेत रक्कम १५०० रुपयांवर नेली हे चांगले झाले. पण पासष्ट वर्षांची अट आणि वार्षिक २१ हजार रुपयांची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा यांतून पात्र ठरायला तलाठ्यापासून तहसील कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात. मुलगा रोजंदारीवर गेला तरी कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर जाते, मग तो आईला काही देवो वा न देवो. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या नेपाळने १९९५ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना शंभर रुपये देऊन सुरुवात केली. रक्कम अगदीच तुटपुंजी होती, पण मुलगा काय कमावतो हे विचारले गेले नाही. पुढे रक्कमही वाढत गेली आणि वयाची अटही खाली आली.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. जपानचा विमा हप्त्यांवर उभा आहे. आपल्याकडे बहुतेक माणसे पगारपत्रकाबाहेर काम करतात, त्यांच्याकडून हप्ता वसूल कसा करणार? करता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्यामुळे जपानची नक्कल इथे चालणार नाही आणि खर्च मुख्यतः करांतूनच करावा लागेल. पण मग तो परवडणारच नाही, हा निष्कर्ष मात्र बरोबर नाही. थायलंडने २०१६ पासून आरोग्य विम्याचा निधी स्थानिक संस्थांकडे देऊन अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरपोच सेवा सुरू केली. गावातल्याच माणसांना सत्तर तासांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे काही घरे सोपवली जातात. देशाबाहेर पाहायचे नसेल तर केरळ आहे. कोळिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी वेदनाशामक शुश्रूषेचे काम सुरू केले. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण केले आणि आज तिथल्या ग्रामपंचायती आपल्या निधीतून परिचारिका नेमतात. ती गाडीने घरोघर जाते, जखमा धुते, मूत्रनलिका बदलते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. यात महागडे असे यंत्र कोणतेच नाही. पंचायतीच्या अंदाजपत्रकात एक ओळ, पगारी परिचारिका आणि तिला मदत करणारे शेजारी एवढ्यावर हे काम उभे राहिले. महाराष्ट्रात आशा सेविकांचे जाळे आहे, गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्या संघांच्या विरंगुळा केंद्रांत चालती-फिरती माणसेच येऊ शकतात. जी घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत जाण्याची जबाबदारी कोणत्याही ग्रामपंचायतीवर किंवा महापालिकेवर कायद्याने टाकलेली नाही, ही आपली खरी उणीव आहे.

जपानची व्यवस्था आज अडचणीत आहे, हेही सांगायला हवे. सुरुवातीला २२ लाखांच्या आसपास लोक सेवेसाठी पात्र ठरले होते, आता ते ७० लाखांच्या घरात आहेत. वृद्धांचा सरासरी मासिक हप्ता २९११ येनवरून ६२२५ येनवर गेला. खरी टंचाई माणसांची आहे: २०४० पर्यंत आणखी सुमारे ५ लाख ७० हजार कर्मचारी लागतील असा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा अंदाज आहे. सेवेचे दर सरकार ठरवते, ते कमी ठेवले की पगार कमी राहतात आणि माणसे हा व्यवसाय सोडतात. म्हणजे सुनेच्या डोक्यावरून उतरवलेले ओझे कमी पगाराच्या बाईच्या डोक्यावर गेले. या टीकेत तथ्य आहे आणि त्यातून आपण घ्यायचा धडा असा, की शुश्रूषा करणाऱ्यांच्या वेतनाचा विचार योजनेच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. आपल्याकडे तो कुठेच होत नाही. मुंबई-पुण्यात आज म्हाताऱ्यांची शुश्रूषा ब्युरोकडून येणाऱ्या बायका करतात. बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई असा हिशेब असतो. तिच्या पगारातून ब्युरो आपले कमिशन कापते. बहुतेकींना आठवड्याची सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, प्रशिक्षण नाही. जड माणूस उचलून पाठ गेली तर कोणी विचारत नाही. गावाकडे तिची स्वतःची म्हातारी आई कोणाच्या भरवशावर असते, हे विचारले तर एकाच प्रश्नाची दोन टोके समोर येतात.

भारताने या बाबतीत कायदा केलाच नाही असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण कायदा २००७ साली आला. मुलांनी सांभाळले नाही तर प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. घर बळकावून बाहेर काढलेल्या अनेक वृद्धांना या कायद्याने दिलासा दिला आहे आणि त्याची गरज आहेच. पण मुलगा स्वतःच पंधरा हजारांवर राबत असेल, किंवा मूलच नसेल, तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय खटला लढून मिळालेल्या पैशाने पाठीवरचे व्रण धुवायला माणूस येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले, त्यात मुलांच्या व्याख्येत सून आणि जावई यांनाही ओढले होते. जपानने ज्या बाईला मोकळे करण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे खटपट केली, तिला आपण कायद्याने बांधायला निघालो होतो. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयक बारगळले. त्याच विधेयकात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. तेवढा भाग बाजूला काढून महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येईल. ब्युरोंची नोंदणी, बायकांचे किमान वेतन आणि सुट्टी, आणि पात्र वृद्धाच्या घरी आठवड्यातून किती तास माणूस पाठवायचा ते ठरवणारी पालिकेची किंवा पंचायतीची समिती, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. जिनिव्हात कराराचा मसुदा लिहिला जाईल तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी शुश्रूषेचा हक्क हा वृद्धाचा स्वतंत्र हक्क म्हणून, त्याच्या मुलांच्या ऐपतीशी न जोडता, मांडायला हवा. आणि तो मांडणाऱ्या देशाच्या एखाद्या तरी राज्यात तो आधी अमलात आलेला असला पाहिजे.